चुकली ती पाळी, की मोजणी?

धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेलं पत्र. लिहिणारी २४ वर्षांची आहे, लग्नाला दीड वर्ष झालंय. नवरा सूरतला लूमवर कामाला आहे आणि पंधरा दिवसांनी दोन दिवस घरी येतो. सासरी पाळीत बाजूला बसायची रीत आहे, त्यामुळे तिची तारीख सासू, जाऊ, शेजारीण सगळ्यांना पाठ. या महिन्यात पाळी "सात दिवस चुकली" म्हणून तिने तीन वेळा घरीच दिवस गेलेत का ते सांगणाऱ्या कार्डावर लघवीची तपासणी केली. मागची पाळी आल्यापासून सव्विसाव्या दिवशी सकाळी केली, एक रेष आली, म्हणजे "नाही". तिसाव्या दिवशी दुपारी शेतातून आल्यावर केली, पुन्हा एकच. चौतिसाव्या दिवशी रात्री केली तेव्हाही एकच रेष दिसली, म्हणून कार्ड ट्रंकेमागे टाकलं. सकाळी उचलून पाहिलं तर शेजारी दुसरी, फिकट राखाडी रेष! ती लिहिते, "ते कार्ड मी साडीच्या घडीत ठेवलंय, रोज काढून बघते. सासूबाई रोज विचारतात, 'काय वं, पट्टीनी काय सांगं?' आठ दिवसांवर आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे. दिवस गेले असतील तर माहेरी जायचं नाही, झोक्यावर बसायचं नाही असं त्यांनी बजावलंय. कोणत्या पट्टीवर विश्वास ठेवू? की खोट माझ्यातच आहे?"

तू पत्रात जे सहज लिहून गेलीस, तेच मला सगळ्यात कामाचं वाटलं. पाळी आली की तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने ठिपका देतेस आणि गेल्या सहा वेळचं अंतर मोजून तू मला कळवलंस: ३३, ३०, ३६, ३४, ३१, ३५. चांगल्या शिकलेल्या बायका माझ्यासमोर बसून "मागची पाळी ना, संक्रांतीच्या मागे-पुढे कधीतरी" असं सांगतात. तुझ्याकडे आकडे आहेत. मग पुढच्याच ओळीत "माझी पाळी २८ दिवसांची" असं का लिहिलंस? तुझ्या सहा आकड्यांत २८ एकदाही नाही. हा २८ शाळेच्या पुस्तकातला आहे. तो सरासरीचा आकडा आहे, तुझा नव्हे.

तू पत्र लिहिलंस तेव्हा पस्तिसावा दिवस होता. तुझं सगळ्यात लांबलेलं अंतर ३६ दिवसांचं. म्हणजे तुझी पाळी अजून चुकलेलीच नव्हती. ज्या पाळीवरून घरात आठवडाभर कुजबुज चाललीय, ती कदाचित आपल्या वेळेवरच यायची होती. (हे छापून येईपर्यंत तुझं उत्तर तुला मिळालंही असेल. तरी सगळं सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि प्रत्येकीची मोजणी साधारण इथेच चुकलेली असते.)

आता तुझाच महिना कागदावर मांडू. स्त्रीबीज बाहेर पडतं ते येणाऱ्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. आलेल्या पाळीनंतर १४ दिवसांनी नव्हे, हा फरक फार मोठा आहे. पाळी पुढे-मागे होते ती बहुधा पहिला अर्धा भाग लांबल्यामुळे, नंतरचा भाग त्या मानाने ठरलेला असतो. तुझं अंतर ३० ते ३६, म्हणजे तुझं बीज सोळाव्या ते बाविसाव्या दिवसाच्या दरम्यान कधीतरी बाहेर पडतं. तिथून पुढे गर्भ राहिलाच, तर तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला ६ ते १२ दिवस लागतात, बहुतेक वेळा ८ ते १०. आणि कार्ड जे शोधतं ते एचसीजी नावाचं संप्रेरक गर्भ रुजल्यावरच आईच्या रक्तात उतरायला लागतं. रुजण्याआधी ते लघवीत सापडणं शक्यच नाही, कार्ड कितीही महागाचं असो.

रुजल्यावरही ते पहिल्या दिवशी थेंबभरच असतं. सुरुवातीला साधारण दोन ते तीन दिवसांत ते दुप्पट होतं. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांना मिलिलिटरमागे २५ च्या आसपास मिली-एकक लागतात, तेव्हा दुसरी रेष उमटते. आज ६ असेल तर दोन दिवसांनी १२, चार दिवसांनी २४, सहा दिवसांनी ४८. म्हणजे त्याच बाईने, त्याच कंपनीचं कार्ड सोमवारी वापरलं तर "नाही" येईल आणि रविवारी वापरलं तर ठळक "हो". यात कार्ड खोटं बोललेलं नसतं. "आज या लघवीत माझ्यापुरतं एचसीजी आहे का?" एवढ्याच प्रश्नाचं उत्तर त्याला देता येतं. "दिवस गेलेत का?" हा आपला प्रश्न त्याच्यासाठी फार मोठा आहे.

कार्ड आली नव्हती तेव्हा बाईची लघवी बेडकीला टोचायचे. गर्भ असेल तर बेडकी काही तासांत अंडी घालायची. माझ्या मास्तरांच्या पिढीने ते पाहिलेलं होतं. पण त्या बेडकीलाही एचसीजी पुरेसं लागायचंच, ते नसेल तर तीही गप्प.

तुझे मालक या महिन्यात घरी आले ते आठव्या-नवव्या आणि बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी. सव्विसाव्या दिवसाची पहिली तपासणी म्हणजे ते सूरतच्या गाडीत बसले त्यानंतर तीन दिवसांनी. गर्भ असताच तरी तो अजून वाटेत असता. त्या दिवशी पट्टीच काय, ब्रह्मदेवही काही सांगू शकला नसता. तिसाव्या दिवसाची तपासणीही लवकरच होती, वर तू कांदे काढून भर दुपारी आलीस, दोन तांबे पाणी प्यायलीस आणि मग केलीस. इतकं पाणी प्यायल्यावर लघवी पातळ होते. थोडंफार एचसीजी असलं तरी ते विरळ होऊन सापडत नाही. सकाळची पहिली लघवी घ्यायला सांगतात ती यासाठी. रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल तर सकाळच्या लघवीचाही तेवढा उपयोग राहत नाही. अशा वेळी किंवा दिवसा करायचीच झाली तर चार तास तरी लघवीला न जाता आणि उगाच पाणी न पिता करावी.

आता तिसरं कार्ड, तुझ्या साडीच्या घडीतलं. ते मोजायचं नाही. कार्ड वाचायची वेळ पाकिटावर छापलेली असते, साधारण पाच मिनिटं. दहा मिनिटांनंतर काहीही उमटलं तरी ते वाचू नये. लघवी वाळली की जिथे रेष यायची त्या जागी कधीकधी राखाडी, रंग नसलेली छटा राहते. तिला गर्भाची रेष समजून किती घरांत पेढे वाटले गेलेत म्हणून सांगू! खरी रेष पहिल्या रेषेच्याच रंगाची असते, गुलाबी किंवा जांभळट, आणि ती वेळेत येते. वेळेत आलेली रंगीत रेष कितीही फिकट असली तरी ती "हो"च धरायची. मात्र रात्रीतून उगवलेली राखाडी रेष, आणि तीही चौतिसाव्या रात्रीची, हिच्यावरून "हो" ठरत नाही आणि "नाही"ही ठरत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या उन्हाळ्याची. तू तीन कार्डं एकदमच आणून पत्र्याच्या खोलीत ट्रंकेवर ठेवली होतीस. बहुतेक पाकिटांवर ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवा असं छापलेलं असतं. खानदेशात आखाजीच्या सुमारास पारा ४०-४२ च्या पुढे असतो, आणि पत्र्याखाली काय होतं ते तुला मी सांगायला नको. कार्ड त्याने बिघडतंच असं नाही, पण मला भरवसा वाटत नाही. नवीन आण, मुदत बघ, माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेव (फ्रीज लागत नाही) आणि वापरायच्या क्षणीच पाकीट फोड. कोरड्या स्वच्छ वाटीत लघवी घे. वाटीला साबण किंवा भांड्यांची पावडर राहिलेली नको. सोबतच्या ड्रॉपरने पाकिटावर लिहिले तेवढेच थेंब टाक, जास्त टाकलेस तर कार्ड बुडतं आणि रेषा पसरतात. कार्ड सपाट जागी ठेव. कार्डावर छापलेल्या 'सी'पाशी (कार्ड चालतंय हे दाखवणारी जागा) रेष आलीच नाही तर ते कार्ड बाद, 'टी'पाशी (तपासणीची जागा) काहीही दिसो. मीठ, साखर, टूथपेस्ट घालून फेस बघायचे जे व्हिडिओ तुझी जाऊ दाखवते, त्यात बघण्यासारखं काही नाही.

मग करायची कधी? ज्यांची पाळी घड्याळासारखी येते, त्यांनी तारीख उलटल्यावर पहिल्या सकाळी करावी, आणि आठवडा थांबवलं तर फारच उत्तम. ज्यांची तुझ्यासारखी मागे-पुढे होते, त्यांनी आपलं सगळ्यात लांब अंतर धरावं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी करावी. तुझ्यासाठी तो सदतिसावा दिवस. त्या सकाळी दोन रेषा आल्या तर उत्तर मिळालं. एक आली आणि पाळीही आली नाही, तर मधे कार्डं जाळत बसू नकोस, सरळ चव्वेचाळिसाव्या दिवशी कर. चव्वेचाळीसच का? शेवटचा संबंध तेविसाव्या दिवसाचा, त्यात २१ मिळवले. शुक्रजंतू पोटात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज उशिरा आलं तरी आणि गर्भ उशिरा रुजला तरी २१ दिवसांत सगळा हिशेब पुरा होतो. ज्यांना पाळीची तारीखच सांगता येत नाही, म्हणजे पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या किंवा बाळंतपणानंतर अजून पाळी सुरू न झालेल्या, त्यांनी तर पाळीचा नाद सोडून संबंधाच्या तारखेपासूनच २१ दिवस मोजावेत.

चव्वेचाळिसाव्या दिवशीही "नाही" आलं आणि पाळीही नाही, तर डॉक्टरकडे जा. पाळी लांबायला थायरॉइड, वजन, जागरण, धास्ती, काहीही कारण असू शकतं. रक्तातली बीटा-एचसीजी तपासणी कार्डापेक्षा थोडी लवकर आणि नेमकी सांगते, पण तुझ्या बाबतीत सध्या तिच्यासाठी धुळ्याच्या खेपा घालायची गरज मला दिसत नाही. मात्र ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखलं, चक्कर आली, खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं किंवा अवेळी रक्त गेलं, तर कार्ड काय म्हणतंय ते बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, १०८ ला फोन करून. गर्भ नळीत राहिला तर असं होतं आणि त्यात जिवाला धोका असतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न, खोट तुझ्यात आहे का. तू लिहितेस, "दीड वर्ष झालं तरी काही नाही." मी तुझाच कागद पुन्हा पाहिला. दीड वर्ष हे लग्नपत्रिकेपासून मोजलेलं आहे. नवराबायको एकत्र असलेले दिवस मोज ना! महिन्याला चार. आणि ते चार दिवस कोणते? या महिन्यातले पहिले दोन आठवे-नववे, म्हणजे जंतू फार तर चौदाव्या दिवसापर्यंत टिकले. तुझं बीज लवकरात लवकर सोळाव्या दिवशी येतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. दुसरे दोन दिवस बाविसावा-तेविसावा. तोवर बहुतेक महिन्यांत बीज येऊन गेलेलं असणार. लूमच्या सुट्टीचा आणि तुझ्या शरीराचा मेळच बसत नाहीये. यात तुझी खोट नाही, त्यांचीही नाही. वंध्यत्वाची तपासणी करतात ती वर्षभर नियमित एकत्र राहूनही दिवस राहिले नाहीत तर. तुमचं ते वर्ष अजून भरलेलंच नाही.

तेव्हा बाबा-बुवा, औषधी पुड्या यांच्या आधी एवढंच करून बघा. पुढच्या तीन-चार महिन्यांत त्यांनी सुट्टी पंधरवड्याची न घेता पाळी आल्यापासून चौदाव्या ते विसाव्या दिवसात, जमेल तेवढी जोडून घ्यावी. किंवा तूच चार दिवस सूरतला जाऊन ये, उधना-सूरतला आपल्या गावची कितीतरी माणसं खोल्या घेऊन राहतात. तेव्हाही जमलं नाही आणि तपासणीची वेळ आली, तर आधी त्यांची वीर्यतपासणी. ती सोपी, स्वस्त आणि एका दिवसात होणारी आहे, आणि तरी सुरुवात नेहमी बाईच्या पोटावरच्या सोनोग्राफीने होते, याचा मला तीस वर्षं राग येतोय. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र तू आजपासूनच सुरू कर, दिवस राहण्याची वाट न बघता. ती उपकेंद्रातही मिळते.

सासूबाईंबद्दल तू फार जपून लिहिलंयस. त्या वाईट नाहीत असं तूच दोनदा म्हणतेस. मलाही तसंच वाटतं. त्यांच्या काळी पट्टी नव्हती. दोन-तीन महिने पाळी नाही आली, पोट जरा दिसायला लागलं, की मग बोभाटा. त्यांच्या वाट्याला ते दोन महिने तरी होते. तुझ्या वाट्याला सव्विसावा दिवसही मोकळा नाही. बाजूला बसण्याच्या रीतीने तुझी तारीख आधीच गावभर झालेली, त्यात कार्डाने प्रत्येक दिवसाचा निकाल मागायची सोय करून दिली. ती रीत मला पटत नाही, पण ते भांडण आज तुझ्या गळ्यात घालत नाही.

"सांगितलं नाही तर लपवल्यासारखं होईल" असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. जे तुला स्वतःलाच अजून कळलेलं नाही, ते लपवणार कसं? उद्या त्यांनी विचारलं की सरळ सांग, "आत्याबाई, डॉक्टरीण म्हणतात माझी तारीख अजून सरलीच नाही. आखाजी झाल्यावर कळेल." डॉक्टरचं नाव पुढे केलं की आपल्याकडे बरेच प्रश्न तिथेच थांबतात, माझं खुशाल कर. आणि कार्ड करशील तेव्हा आधी फक्त नवऱ्याला कळव. लवकर राहिलेले काही गर्भ पहिल्या काही दिवसांतच आपोआप जातात, पाळी चार दिवस उशिरा आल्यासारखी येते. पूर्वी बाईला ते कळायचंसुद्धा नाही. आता सव्विसाव्या दिवसापासून रोज कार्ड केलं की घरभर आनंद आणि आठवड्यात घरभर दुखवटा, आणि मधे तू. थोडं थांबून तपासण्याचा हाही एक फायदा आहे.

कार्ड गावातल्या दुकानातून आणलं की दुकानदाराच्या बायकोला संध्याकाळपर्यंत कळतं, असं लिहिलंस. आशाताईकडे सरकारी 'निश्चय' कार्ड फुकट मिळतं, पण तुमच्या आशाताई तुझ्या चुलत जाऊ आहेत, तेव्हा तेही अवघडच. मालकांना सांग, येताना सूरतहून दोन आणा. तिथे त्यांना कोण विचारतंय!

आखाजीला माहेरी जा. दिवस असोत वा नसोत, तब्येत ठीक असलेल्या बाईला एसटीने अमळनेरपर्यंत जायला काही हरकत नाही. सुरुवातीचे गर्भ जातात त्यात बऱ्याच वेळा गर्भाच्या जडणघडणीतलाच दोष असतो, एसटीचे गचके, पपई किंवा आंब्याची फोड नव्हे. उन्हात मात्र फिरू नकोस, पाणी पी. झोका उंच नेऊ नकोस, पण तो सल्ला मी तुझ्या बिनलग्नाच्या बहिणीलाही देईन. मैत्रिणींबरोबर गाणी म्हणत हळू झुलायला काय होतंय? आखाजी तुझ्या त्रेचाळिसाव्या दिवशी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी, माहेरच्या घरात, आईशिवाय कोणी दाराबाहेर उभं नसताना कार्ड करता येईल.

दोन रेषा आल्या तर लगेच सोनोग्राफीला पळू नकोस. पाळी चुकल्याच्या आठवड्यात तिच्यात काही दिसत नाही आणि घरचे उगाच घाबरतात. उपकेंद्रात नाव नोंदव, १२ आठवड्यांच्या आत. नोंदणीच्या रक्ततपासणीत सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली का ते विचारून घे, आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात ती दोघांनीही केलेली बरी.

हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारणाऱ्याही वाचक आहेत, ज्यांना दिवस राहिलेले नकोत. त्यांनाही मोजणी हीच, संबंधापासून २१ दिवस. तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली असेल तर पाळी पुढे-मागे होऊ शकते, म्हणून त्यांनी तर नुसत्या पाळीवर विसंबूच नये. दोन रेषा आल्या तर दुकानातून गोळ्या आणून परस्पर घेऊ नयेत. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, आणि सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. जितकं लवकर जाल तितकं सोपं. उपचार चालू असलेल्या, एचसीजीचं इंजेक्शन घेतलेल्या बायकांनी कार्ड कधी करायचं ते त्या डॉक्टरलाच विचारावं, कारण इंजेक्शनचं औषधच पुढचे दहा-बारा दिवस दुसरी रेष दाखवू शकतं. साध्या तापाच्या, सर्दीच्या किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी तसं होत नाही.

आणि ते साडीच्या घडीतलं कार्ड आज जुन्या पेपरात गुंडाळून उकिरड्यावर टाक. माहेरी जायच्या पिशवीत ते येता कामा नये. नवं नेशील तेही एकच ने.